तेविसावं पान

१

शनिवारी सकाळी मीनलनं निळ्या फाइलमधलं बाविसावं पान स्कॅन केलं, पुढचं प्लास्टिकचं पाकीट उलटलं, आणि तिचा हात थांबला. पाकीट रिकामं होतं.

तिनं पुढची पाकिटं पाहिली. चोवीस होतं, पंचवीस होतं, शेवटचं एकतिसावंही जागेवर होतं. फक्त तेविसावं पान कोणीतरी काढून घेतलं होतं. पाकीट फाटलं नव्हतं, चुरगळलं नव्हतं.

ही फाइल तिच्या सासऱ्यांचा जीव की प्राण होती. हेन्री हाउगेन, वय ब्याऐंशी, जन्म आणि सगळं आयुष्य सिंगापूरचं. त्यांचे आजोबा लार्स हाउगेन नॉर्वेचे खलाशी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जहाजावरून इथे उतरले आणि परत गेलेच नाहीत. त्यांच्या गावच्या चर्चमध्ये बारसं, लग्न, दफन, सगळ्याच्या नोंदी पाद्री ठेवत असे. त्या जुन्या वह्यांचे फोटो आता इंटरनेटवर कोणालाही पाहता येतात. आठ महिने खपून हेन्रींनी त्यातून आपलं घराणं शोधलं होतं. मंगळवारी ते आणि मीनल त्या गावी निघणार होते. तिथल्या इंग्रिड नावाच्या लांबच्या नातेवाईक बाईंनी चर्चच्या हॉलमध्ये चाळीस माणसं बोलावली होती, आणि त्यांनाच ही फाइल आधी पाठवायची होती.

मीनल फाइल घेऊन हेन्रींच्या खोलीत गेली. "डॅडी, तेवीस नंबरचं पान नाहीये."

हेन्री खिडकीशी बसले होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"राहू दे," ते म्हणाले. "आणि मीनल, तिकिटं रद्द कर. आपण जात नाही आहोत."

२

क्लेमेंटी भागातल्या मीनलच्याच इमारतीत दोन मजले खाली सुलेखा नेरुरकर राहायच्या. विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्यांनी सव्वीस वर्षं पुस्तकांच्या नोंदी केल्या होत्या. एकाच नावाचे दोन लेखक वेगळे करायचे, आणि दोन नावांनी लिहिणारा एक लेखक एकत्र आणायचा, हे त्यांचं काम. नवरा गेल्यावर लोक म्हणाले मुंबईला परत जा, पण त्या इथेच राहिल्या. बिल्डिंगमधल्या कोणाचे कागदपत्र अडले की तो सुलेखाताईंकडे येई.

मीनलनं सगळं एका दमात सांगितलं. तिचा नवरा पीटर कामासाठी सहा महिने पर्थला होता, त्यामुळे घरात ती, सासरे आणि भाडेकरू, एवढेच.

"मला माहीत आहे कोणी घेतलंय," ती म्हणाली. "प्रबोधनं."

प्रबोध सहस्रबुद्धे त्यांच्या मधल्या खोलीत राहत होता. पुण्याचा, विद्यापीठात संशोधन करणारा, वय एकोणतीस. चर्चच्या वह्या इंटरनेटवर शोधायला हेन्रींना त्यानंच शिकवलं होतं, पानंही त्यानंच छापून दिली होती.

"त्याला त्या कागदाचा काय उपयोग?" सुलेखाताईंनी विचारलं.

"उपयोग नाही, ताई. चूक लपवायची असेल. मागच्या आठवड्यात मी स्वतः ऐकलं. तो डॅडींना म्हणत होता, 'अंकल, वय जुळत नाही, हे पान काढलेलं बरं.' त्यानं काहीतरी घोळ घातलाय आणि आता अंगाशी येतोय. ते आठ महिने याच एका गोष्टीवर जगत होते, आणि आता भिंतीकडे तोंड करून बसलेत. मी प्रबोधला सांगितलं, महिनाअखेर दुसरी खोली बघ."

"त्याला विचारलंस?"

"विचारलं. म्हणाला, मी नाही घेतलं. दुसरं काय म्हणणार?"

"आणि घरात आणखी कोण आलं होतं?"

मीनलनं आठवून सांगितलं. गुरुवारी हेन्रींची धाकटी बहीण डोरोथी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या वुडलँड्सहून जेवायला आली होती. ती या सगळ्या खटाटोपाला पहिल्यापासून नाक मुरडायची. तासभर हॉलमध्ये एकटीच होती, आणि फाइल हॉलच्याच कपाटात असते.

सुलेखाताईंनी चष्मा पुसला. "पान कोणी घेतलं ते बघू या. पण त्या पानावर काय होतं, ते कोणी पाहिलंय का?"

ते कोणी पाहिलंच नव्हतं.

३

प्रबोधची बॅग पलंगावर उघडी होती. निम्मे कपडे भरून झाले होते.

"काकू, महिनाअखेरपर्यंत कशाला थांबू?" तो म्हणाला. "संशयानं बघणाऱ्या घरात पाणी प्यायलाही बाहेर यावंसं वाटत नाही."

सुलेखाताई खुर्चीवर बसल्या. "वय जुळत नाही म्हणजे काय?"

त्यानं उसासा टाकला आणि लॅपटॉप उघडला. "त्यांच्या आजोबांच्या बारशाची नोंद. पान नंबर चार. लार्स, मार्च १८६९. वडील हान्स लार्सेन, आई मारित लार्सदात्तेर, शेवटी हाउगेन. पण आजोबा वारले १९३१ साली, आणि अंकल सांगतात तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. माझ्या हिशेबानं बासष्ट व्हायला हवेत. म्हणून म्हटलं, हे चौथं पान चुकीच्या माणसाचं असेल तर काढलेलं बरं. अंकल म्हणाले, त्या काळी कोण वय मोजत होतं, असू दे. विषय संपला. मीनलताईंनी अर्धंच ऐकलं."

"मग तेविसाव्या पानावर काय होतं?"

"मला ती भाषा येत नाही, काकू. वह्यांमध्ये हाउगेन हे नाव दिसलं की मी पान छापायचो. अक्षर लावायचं काम अंकल करायचे. भिंग घेऊन, शब्दांची वही करून. बुधवारी शेवटचं पान घातलं तेव्हा मी सगळी मोजली होती, एकतीस होती." तो थांबला. "पण सगळ्या पानांचे फोटो माझ्याकडे आहेत. कोणी मागितले नाहीत."

त्यानं तेवीस नंबरचा फोटो उघडला. पिवळट कागद, उभ्या रेघा, तिरकं शाईचं अक्षर. सुलेखाताईंनी मथळा, मग हाउगेन नाव असलेली ओळ एकेक अक्षर करून टाइप केली आणि अर्थ शोधला.

पान दफनाच्या नोंदींचं होतं. वरून सहाव्या ओळीत लिहिलं होतं: फेब्रुवारी १८९५. लार्स हान्सेन हाउगेन. अविवाहित. जन्म १८६९. तळ्यावरच्या बर्फातून खाली जाऊन मृत्यू.

प्रबोध स्क्रीनकडे बघतच राहिला. "पण अंकलच्या आजोबांचं लग्न तर इथे १९०१ साली झालं."

"हो ना," सुलेखाताई म्हणाल्या. "मग ते लग्न कोणी केलं?"

४

दुपारी त्या वुडलँड्सला गेल्या. डोरोथी हॉकर सेंटरच्या, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या, कोपऱ्यातल्या टेबलावर कॉफी घेऊन बसली होती. शहात्तर वर्षांची, ताठ पाठीची, स्पष्ट बोलणारी बाई.

"मी घेतलं असं मीनलला वाटतं का?" तिनंच सुरुवात केली.

"मीनलला नाही. मी सगळ्यांना विचारतेय."

"मला तो नाद पटत नाही, हे खरं. खलाशी माणूस, कुठून आला, कशाला आला, कोणाला टाकून आला, देव जाणे. उकरून काय निघेल सांगता येतं का? पण फाइलला मी हात लावला नाही. लावला असता तरी मला एक अक्षर कळलं नसतं. सगळी पानं सारखीच दिसतात."

सुलेखाताईंनी कप खाली ठेवला. एवढ्याशा वाक्यानं त्यांना हवं ते मिळालं होतं. तरी त्यांनी आणखी विचारलं, "आजोबांबद्दल घरात काय बोलायचे?"

डोरोथीचा आवाज जरा सैल झाला. "मी त्यांना पाहिलं नाही. आई सांगायची. सहा फूट दोन इंच उंची, दारातून वाकून यायचे. प्यायले की छातीवर हात ठेवून म्हणायचे, मी वेस्ले लार्स. नॉर्वेत मला सगळे वेस्ले लार्स म्हणायचे. आजीला वाटलं, हेच यांचं पूर्ण नाव. म्हणून आमच्या वडिलांचं नाव तिनं वेस्ली ठेवलं."

"त्यांच्या थडग्याचा काही फोटो आहे?"

तिनं फोनमध्ये शोधून दाखवला. दगडावर कोरलं होतं: मृत्यू जून १९३१, वय ५८.

परतीच्या एमआरटी मेट्रोत सुलेखाताईंनी वेस्ले या शब्दाचा अर्थ शोधला. मग क्लेमेंटीला उतरायचं विसरल्या आणि एक स्टेशन पुढे गेल्या.

५

रविवारी सकाळी त्या हेन्रींकडे गेल्या. मीनल भाजी आणायला गेली होती. हेन्री त्याच खुर्चीवर, खिडकीशी.

"तुमची शब्दांची वही बघू?" सुलेखाताईंनी विचारलं.

त्यांनी टेबलाकडे बोट केलं. छोट्या वहीत आठ महिन्यांचे शब्द ओळीनं लिहिलेले होते. बारसं, साक्षीदार, शेत, देवीची लस. शेवटच्या पानावर, बुधवारनंतरच्या तारखेला, दोनच शब्द होते. पुढे अर्थ लिहिले होते. पुरलेला. बुडून.

"हेन्री," त्या हळूच म्हणाल्या, "ज्यानं पान काढलं त्याला ते वाचता येत होतं. एकतिसांतून नेमकं एक उचललंय. डोरोथीला वाचता येत नाही, प्रबोधला येत नाही, मीनलला येत नाही. आणि प्रबोधला ते पान लपवायचं असतं तर त्यानं लॅपटॉपमधलाही फोटो पुसला असता. कागद नाहीसा केला की गोष्ट संपली, असं वाटणारा या घरात एकच माणूस आहे."

हेन्रींनी उशीच्या अभ्र्यात हात घातला आणि घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला.

"लार्स हाउगेन पंचवीस वर्षांचा असताना मेला," ते म्हणाले. "बर्फाखाली. गावानं त्याला पुरलं. मग सिंगापूरला उतरला तो कोण होता? कोणीतरी मेलेल्या माणसाचे कागद उचलले आणि जहाजावर चढला. त्या काळात असं चालायचं. मी ब्याऐंशी वर्षं दुसऱ्याचं नाव लावतोय. माझे वडील तेच नाव लावून गेले, पीटर लावतोय. आणि येत्या शुक्रवारी मी चाळीस माणसांसमोर उभा राहून म्हणणार होतो, मी तुमचा आहे."

"मीनलला का नाही सांगितलंत?"

"ती माझ्या नावानं या घरात आली. तिला काय सांगू, ते नाव चोरीचं आहे म्हणून?"

"तिनं प्रबोधला घर सोडायला सांगितलंय. त्याची बॅग भरून झालीय."

हेन्रींनी मान वर केली. "मला हे माहीत नव्हतं. मी म्हटलं होतं राहू दे. मला वाटलं, एवढ्यावर थांबेल." ते खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठायला लागले.

"बसा," सुलेखाताई म्हणाल्या. "त्याच्याकडे जाल तेव्हा जा. पण त्याआधी मला एक सांगा. नॉर्वेत तुमच्या पणजोबांच्या घरी लार्स नावाचे मुलगे किती होते?"

"किती म्हणजे?" हेन्री म्हणाले. "एक."

"मला वाटतं, दोन."

६

तासाभरानं चौघेही जेवणाच्या टेबलाशी बसले होते. भाजीच्या पिशव्या मीनलनं तशाच दारात टेकवल्या होत्या. सुलेखाताईंनीच प्रबोधला लॅपटॉप घेऊन बोलावलं. मीनल आणि तो एकमेकांकडे बघायचं टाळत होते.

"चौथं पान काढ," त्या म्हणाल्या. "आईवडिलांची नावं वाच."

"हान्स लार्सेन. मारित लार्सदात्तेर."

"लार्सेन हे आडनाव नाही. ते आपल्या मधल्या नावासारखं आहे, वडिलांचं नाव. लार्सचा मुलगा हान्स, लार्सची मुलगी मारित. म्हणजे पोराचे दोन्हीकडचे आजोबा लार्स." त्यांनी मीनलकडे पाहिलं. "आपल्याकडे पूर्वी नातवाला आजोबांचं नाव ठेवायचे ना? माझ्या सासरी तीन चुलतभावांची नावं सदाशिव होती. त्यांच्याकडेही तीच रीत. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं. आता दोन्ही आजोबा लार्स असतील, तर दोन मुलांची नावं काय ठेवतील?"

"दोघांचंही लार्स?" मीनल म्हणाली. "एकाच घरात, सख्ख्या भावांचं?"

"तिथे ते चालत होतं, मी काल वाचलं. हाक मारताना थोरला लार्स, धाकटा लार्स. हेन्री, तुमचे आजोबा स्वतःला काय म्हणायचे?"

"वेस्ले लार्स," हेन्री पुटपुटले. "सगळ्यांना वाटायचं ते वेस्ली आहे."

"वेस्ले म्हणजे छोटा. सहा फूट दोन इंचाचा माणूस स्वतःला छोटा का म्हणवेल? घरात थोरला लार्स होता म्हणून. तळ्यात गेला तो थोरला. जन्म १८६९."

"पण मग धाकट्याचं बारसं कुठे आहे?" प्रबोधनं विचारलं. "मी हाउगेनची सगळी बारशी पाहिली. १८६९ नंतर एकदम १८७६ला मुलगी आहे. मध्ये कोणीच नाही."

"सात वर्षं पाळणा रिकामा राहिला, असं तुला वाटलं. हाउगेन म्हणजे काय रे?"

"आडनाव."

"शेताचं नाव. नेरूरला राहणारा तो नेरुरकर, तसं. पण आपलं नाव गाव सुटलं तरी चिकटून राहतं. त्यांचं शेत बदललं की बदलायचं. हान्स आणि मारित मधली काही वर्षं दुसऱ्याच शेतावर राबत असतील, तर तुला हाउगेन शोधून ते कसे सापडतील? तिसरं नाव, म्हणजे शेताचं, सोडून दे. १८७१ ते ७५, बाप हान्स लार्सेन, आई मारित लार्सदात्तेर, एवढंच शोध."

प्रबोध पान पान पुढे सरकवू लागला. हेन्री भिंग घेऊन स्क्रीनवर वाकले. पंधरा मिनिटं गेली. मीनलनं पिशव्या उचलून ओट्यावर ठेवल्या आणि परत येऊन उभी राहिली.

"थांब," हेन्री म्हणाले. त्यांनी बोट स्क्रीनच्या अगदी जवळ नेलं आणि अडखळत वाचलं, "ऑक्टोबर १८७२. लार्स. वडील हान्स लार्सेन. आई मारित लार्सदात्तेर. शेत..." ते थांबले. "बाक्केन. शेत बाक्केन आहे."

"जून १९३१ला वय?" सुलेखाताईंनी विचारलं.

"अठ्ठावन्न," प्रबोध म्हणाला. "बरोब्बर अठ्ठावन्न."

"एका नोंदीवर मी कधी भरवसा ठेवला नाही. पोरं चौदा-पंधरा वर्षांची झाली की चर्चमध्ये त्यांची धर्मदीक्षा व्हायची. तेही बघू."

त्याला आणखी वीस मिनिटं लागली. १८८४च्या यादीत एक लार्स हान्सेन होता, जन्म १८६९. १८८७च्या यादीत दुसरा, वस्ती हाउगेन, जन्म ऑक्टोबर १८७२, जन्मस्थळ बाक्केन. आईवडील तेच. शेजारी पाद्र्यानं बारीक अक्षरात एक ओळ नंतर लिहिली होती. हेन्रींनी वही उघडून तीन शब्द शोधले.

"समुद्रावर गेला," त्यांनी वाचलं.

त्यांनी भिंग खाली ठेवलं. चष्मा काढला. मग दोन्ही तळहातांनी चेहरा झाकून ते तसेच बसून राहिले, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मीनल त्यांच्या खुर्चीशी गुडघ्यावर बसली.

"मी बरा आहे," ते हातांच्या आडून म्हणाले. "चार दिवसांनी बरा आहे."

७

प्रबोधच्या दारावर हेन्री स्वतः गेले. त्यांनी काय सांगितलं ते बाहेर ऐकू आलं नाही. पण प्रबोध म्हणाला ते मीनलनं ऐकलं. "अंकल, मला सांगितलं असतंत तर मी त्याच रात्री शोधून दिलं असतं."

मीनलला माफी मागणं जड गेलं. तिनं दोनदा सुरुवात केली.

"मी अर्धवट ऐकलं," ती शेवटी म्हणाली. "आणि पूर्ण विचारलं नाही. तू जाऊ नकोस. आम्ही नसताना तर नकोच."

"कपडे बाहेर काढायला अर्धा तास लागेल," प्रबोध म्हणाला. मग म्हणाला, "ताई, मलाही राग आला होता. दारं जोरात लावत होतो दोन दिवस."

तेविसावं पान पाकिटात परत गेलं. त्यामागे तीन नवी पानं लागली. मंगळवारी विमान वेळेवर सुटलं.

शुक्रवारी संध्याकाळी सुलेखाताई कुकर लावत होत्या तेव्हा हेन्रींचा फोन आला. मागे बरीच माणसं बोलत होती, कपबश्यांचा आवाज येत होता.

"सुलेखा, इथे नव्वद वर्षांच्या एक बाई आहेत," ते म्हणाले. "त्या १८७६ला झालेल्या मुलीच्या, माझ्या आजोबांच्या धाकट्या बहिणीच्या, नात. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या एवढंच सांगत आले की एक भाऊ बर्फात गेला आणि दुसरा समुद्रात. मारितनं दोन्ही मुलांसाठी एकाच वर्षात काळे कपडे घातले म्हणे. त्याची पत्रं कधी आलीच नाहीत."

"मग?"

"मी उभा राहून बोलायला लागलो, तर त्यांनी मध्येच हात वर केला. भाषण नको म्हणाल्या. एवढंच सांगा, तो पोचला का कुठे?"

सुलेखाताईंनी गॅस बारीक केला.

"मी म्हटलं, पोचले. लग्न झालं, पाच मुलं झाली, खूप वर्षं जगले. इंग्रिडनं त्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं. त्या बाईंनी पुन्हा एकदा विचारून घेतलं, आणि मग माझा हात धरला, तो अजून सोडलेला नाही. मी डाव्या हातानं फोन धरलाय."